शर्वरीचा उजवा कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, गावी फोनवर आईला नाही, आणि ज्यांनी मला हाताला धरून उभं केलं त्या मुळे मॅडमना तर नाहीच. पाच वर्षं झाली. कितीदा ओठांपर्यंत आलं — आणि मग मी विचारलं, चहा टाकू का?

तुम्हालाच का सांगते आहे? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल. समोरच्याच्या कपाळावर एक आठी जरी दिसली ना, की माझं वाक्य वळतं. त्याला बरं वाटेल तिकडं वळतं. जुनी खोड आहे. शाळा सातवीत सुटली, त्यामुळं लिहिताना चुका होतील त्या होऊ देत. पण या वेळी एकही वाक्य वळवायचं नाही, एवढं ठरवून बसले आहे.

मी मूळची मालवणकडची. लग्न झालं आणि नवऱ्याच्या वाळूजच्या कारखान्यातल्या नोकरीमागं इथं शहरात आले. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याला म्हटलं, "माका अर्धो किलो कांदे होये," आणि शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "काय म्हंती गं ही? पुन्हा बोल ना, लई ग्वाड वाटतंय!" मी पुन्हा बोलले. आणि मीही हसले. रडू आलं होतं, पण हसले. हसलं की पुढचं सोपं जातं — हे मी त्या दिवशी शिकले. इथलं बोलणं शिकले, "लई" म्हणायला शिकले, आणि कुणी कसं आहेस विचारलं की "मजेत" म्हणायला शिकले. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पुढं मुलांना मी काय शिकवलं ते कळावं म्हणून सांगते.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथं मुळे मॅडमचं केंद्र. तिथं येणाऱ्या मुलांना आपल्यासारखं आपोआप काही गोष्टी कळत नाहीत. समोरचा कंटाळला आहे, आता विषय बदलावा — हे कळत नाही. बोलण्यातली थट्टा कळत नाही. आपण घरी जाताना "येते हं" म्हणतो ना? केंद्रातल्या शर्वरीच्या घरून शेजारच्या काकू तसं म्हणून गेल्या, तर ही पोरगी दारात बसून राहिली. जेवायला उठेना. "काकू येते म्हणाली." कुणाला हसू येईल. पण सांगा, खोटं कोण बोललं होतं?

मी तिथं झाडलोट करायला लागले. मुलं मला मावशी म्हणायची. झाडता झाडता मी बघायचे — मॅडम चेहऱ्यांची चित्रं दाखवायच्या, हा रागावला, ही घाबरली, हा नुसता दमलाय. आरशासमोर बसवून भुवया कशा होतात ते दाखवायच्या. एकदा मी कोपऱ्यातून बोलून गेले, "मॅडम, ती चित्रातली बाई रागावलेली नाही वाटत. तिला कुणीतरी वाट बघायला लावलंय." मॅडमनी चित्र हातात घेऊन नीट पाहिलं. मग मला म्हणाल्या, "केरसुणी ठेव वैजू, इथं येऊन बस." तिथून सगळं सुरू झालं. त्यांनी मला लिहायला बसवलं. रोज प्रत्येक मुलाच्या वहीत चार ओळी, घरी पाठवायला. माझं अक्षर बघून कधी तोंड वाकडं केलं नाही. माझ्यावर इतका विश्वास आधी कुणी टाकला होता? कुणीच नाही. म्हणून तर —

थांबते. वाक्य वळायला लागलं.

शर्वरी तेव्हा नऊ वर्षांची होती. दोन वेण्या, सारखं काहीतरी गुणगुणणं, आणि कुणी अंगाला हात लावला की लांब सरकणं. बोलायची कमी. पण तिची स्वतःची एक भाषा होती, आणि ती मला तिच्या आईइतकीच येत होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आनंद झाला की बोटं गालाजवळ नाचवायची. भीती वाटली की गुणगुणणं चढ्या सुरात. आणि कुठं दुखलं की त्या जागी मुठीच्या सांध्यांनी टकटक करायची — दारावर करतो तशी. दात दुखला तेव्हा गालावर केली होती. मॅडमना मी सांगितलं, आईला फोन गेला, दात किडलेला निघाला. केवढं कौतुक झालं माझं!

तिची आई मनीषाताई. माहेर खुलताबादचं, शेतीचं घर. इथं एका ऑफिसात टेबलावर काम करायची. येताना नेहमी माझ्यासाठी काहीतरी आणायची, कधी पेरू, कधी घरच्या झाडाची सीताफळं. "वैजूताई, लई गुणाची झाली हो माझी लेक. काल माझ्या सासूला म्हणली, आजी तुम्ही कशा आहात. सासू नुसती बघतच राह्यली! म्हणली, ही आपलीच शरू का?"

ते वाक्य मीच शिकवलं होतं. हात खाली. मान वर. हसायचं. "नमस्कार. मी मजेत आहे. तुम्ही कसे आहात?" जमलं की वहीत चांदणी चिकटवायची. शर्वरीला चांदण्या फार आवडायच्या.

मॅडम म्हणायच्या, वाक्यं पाठ करून घेऊ नकोस, आधी तिला काय वाटतंय ते बोलता येऊ दे. मी हो म्हणायचे. पण पाठ झालेलं वाक्य लोकांना दिसतं, टाळ्या त्यालाच मिळतात. मग मी काय केलं असेल?

त्या आठवड्यात शनिवारी पाहुणे यायचे होते. केंद्राला मदत करणारी माणसं, पुण्याहून. मॅडमनी सोमवारी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वैजू, शनिवारी तू पुढं उभी राहायचंस. मी सांगणार आहे सगळ्यांना — ही आमची वैजयंतीताई, ही मुलांना शिकवते." मावशी नाही, ताई. घरी जाताना मी रिक्षात एकटीच हसत होते. आणि शनिवारी सगळ्यांपुढं बोलायला कोण? शर्वरी. माझी शर्वरी.

मंगळवारी सकाळी ती आली आणि उजव्या कानावर टकटक केली.

मी पाहिलं.

हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. मला शंका आली, असं नाही. मला वाटलं असेल खेळत, असंही नाही. मला कळलं. तिचा कान दुखतोय हे मला स्वच्छ कळलं. खांदा कानाशी दाबून धरत होती, गुणगुणणं बंद होतं. तिच्या वहीत मी पेन्सिलीनं लिहिलंसुद्धा — "आज कानावर हात मारते." आणि मग मनात आलं, हे वाचून मनीषाताई तिला दवाखान्यात नेणार. डॉक्टर म्हणणार, आठवडाभर घरी ठेवा. मग शनिवार?

खोडरबर घेतलं आणि पुसलं. वर लिहिलं, "आज छान. नमस्कार दोनदा म्हणाली."

एवढ्यावर थांबले असते तर मी आज हे लिहायला बसले नसते. बुधवारी तिनं पुन्हा हात वर केला. पाहुण्यांसमोर अशी करायला लागली तर? मी तिचा हात धरला आणि खाली नेला. "हात खाली शरू. हसायचं." तिनं पुन्हा वर नेला. मी पुन्हा खाली. ओढाताण नाही, मारणं नाही, आवाज चढवणं नाही. अगदी मायेनं. मायेनं केलेली गोष्ट वाईट नसते, असं तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. हात खाली राहिला की चांदणी. गुरुवारी चार चांदण्या. शुक्रवारी तिनं हात वर नेलाच नाही. बोटं मांडीखाली दाबून बसली आणि माझ्याकडं बघून हसली, मी शिकवलं होतं तशी. तिचे डोळे हसत नव्हते. दुसऱ्यांचे डोळे वाचायला शिकवणारी बाई मी. मी तिला चांदणी दिली.

शनिवारी ती उभी राहिली. "नमस्कार. मी मजेत आहे. तुम्ही कसे आहात?" टाळ्या. पाहुण्यांतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मॅडमनी माझं नाव घेतलं, ताई म्हणून. दाराशी मनीषाताई उभी होती, माझ्याकडं देवाकडं बघावं तसं बघत होती.

रविवारी सकाळी उशीवर पू आणि रक्त होतं.

कानाचा पडदा फाटला होता. आत बरंच पसरलेलं होतं. औषधं झाली, पुढं ऑपरेशन झालं, तरी उजव्या कानाला ऐकू येणं कमी झालं ते झालंच. डॉक्टरांनी मनीषाताईला विचारलं, किती दिवस दुखत होतं? ती म्हणाली, नाही हो, ती तर म्हणत होती मजेत आहे. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणलं असतं तर — आणि वाक्य तिथंच सोडलं. मनीषाताईनं हे मला केंद्राच्या जिन्यात सांगितलं. "ताई, आई असून मला कळलं नाय. लेकरू दुखणं घेऊन हसत होतं, अन् मी जगाला दाखवत होते, बघा कशी हसती." सासू घरात म्हणत होती, "अजून जा हापिसात!"

मी काय केलं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी चहा केला.

सोमवारी मुळे मॅडमनी मला सरळ विचारलं. दार लावून, शांतपणे. "वैजू, दुखलं की ती टकटक करते ना? मागच्या आठवड्यात काही दिसलं होतं का?" त्यांना मला पकडायचं नव्हतं. चूक कुठं झाली ते शोधायचं होतं, दुसऱ्या मुलाचं असं होऊ नये म्हणून. एक शब्द पुरला असता. हो.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "हसत होती की."

त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये?

मनीषाताईनं त्या महिन्यात नोकरी सोडली. सव्वा वर्ष घरी बसली, लेकीवर नजर ठेवायला. जी नजर कुठं चुकलीच नव्हती. वहीत रोज "आज छान" होतं, आणि पुढं घरीही शर्वरीनं कानाला हात लावला नाही, कारण तो लावायचा नाही हे मी तिला शिकवून ठेवलं होतं.

त्यानंतर मी बदलले. हे सांगायची लाज वाटते, कारण ते भरपाईसारखं ऐकू येतं. ते भरपाई नाही. पडदा फाटलेला आहे. पण जे आहे ते सांगते. आता माझ्याकडं नवीन मूल आलं की पहिला धडा नमस्काराचा नसतो. पहिला धडा "नको". दुसरा "दुखतंय". तिसरा "थांबा, मला कळलं नाही, पुन्हा सांगा." हे तिन्ही मुलाला मोठ्या माणसासमोर, न घाबरता, आवाज न पाडता म्हणता आले, की मगच आम्ही दुसऱ्यांचे चेहरे बघायला घेतो. आणि पालकांनाही बसवते. तुमच्या मुलाचे इशारे काय आहेत? लिहा. रागाचा कोणता, भुकेचा कोणता, दुखण्याचा कोणता. जगाचे इशारे त्यानं शिकायचे, मग त्याचे जगानं नकोत का शिकायला? कुणी बाबा म्हणतात, "अहो ताई, नको म्हणायला काय शिकवायचं, ते तर दिवसभर तेच म्हणतंय!" मी म्हणते, मग हुशार आहे, अर्धं काम झालं. हसतात सगळे. मी या एका गोष्टीवर हटत नाही. चांदण्या बंद केल्या.

शर्वरी आता चौदा वर्षांची आहे. माझ्याएवढी उंच झाली. अजून येते, आठवड्यातून दोनदा. मागच्या महिन्यात आम्ही दोघी सरावासाठी खाली बाजारात गेलो. बांगड्या घ्यायच्या होत्या, सगळं तिनं बोलायचं, मी नुसती बरोबर. गर्दी होती, रांगेत ती थांबली, तिचा नंबर आल्यावर बोलली. दुकानदार चाचा उजव्या बाजूनं काहीतरी विचारत होते, तिला ऐकू आलं नाही. ते मला म्हणाले, "बाई, पोरीचं ध्यान कुठं आहे?" तेवढ्यात मागं कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला आणि शर्वरीचा हात कानाकडं गेला.

आणि माझा हात तिच्या हातावर गेला. खाली न्यायला.

पाच वर्षांनंतर. एवढं सगळं शिकवून. लोक बघत होते ना? म्हणून.

"हात सोड," शर्वरी म्हणाली. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्यानं. "आवाज लागतोय. मी हात कानावर ठेवणार." मी सोडला. मग ती चाचांकडं वळली. "मला उजवीकडून कमी ऐकू येतं. डावीकडून बोला." चाचा उठले, गल्ल्यामागून फिरून तिच्या डावीकडं आले, म्हणाले, "हां बेटा, आता बोल. हिरव्या की लाल?" ती म्हणाली, "हिरव्या. लाल आवडत नाहीत."

अभिमान होता, नाही म्हणत नाही. पण तो माझा नव्हता, हे त्या क्षणी कळत होतं.

परत येताना रिक्षात मी तिच्या डाव्या बाजूला बसले. म्हटलं, "छान बोललीस शरू. कान कमी ऐकतो हे सांगायची लाज वाटली नाही ना?"

तिनं थोडा विचार केला. "लाज नाही. आईची चूक आहे. आईचं लक्ष नव्हतं, म्हणून कान खराब झाला."

"कोण म्हणालं?"

"आई म्हणाली. आजी पण म्हणाली."

शर्वरीला आडून बोललेलं कळत नाही, दुःखात बोललेलं कळत नाही. आई स्वतःला दोष देत होती, हे तिला कळत नाही. तिला सांगितलं ते खरं. पाण्याला पाणी म्हणावं तशी ती म्हणते — आईची चूक आहे. पाच वर्षं म्हणते आहे. मनीषाताई ते ऐकते, आणि मान हलवते.

मुळे मॅडमना "नाही" म्हणाले तिथंच माझं खोटं संपलं, असं मी समजत होते. ते त्या घरात राहायला गेलं होतं.

म्हणून येत्या रविवारी मी त्यांच्याकडं जाणार आहे. सकाळीच, दोघी घरी असताना. मॅडमना त्याआधी, शनिवारी. नोकरी राहील की नाही ते मॅडम ठरवतील. त्याचा विचार करायला बसले तर पुन्हा चहा टाकायला उठेन, म्हणून करत नाही. हे लिहून ठेवते आहे तेही त्यासाठीच. आता मागं फिरायला जागा नको.

मनीषाताईला सांगणं अवघड आहे, पण तिला सांगायचं कसं ते कळतं. मोठ्या माणसाला सांगतात तसं. शर्वरीला मात्र नीट, तुटक वाक्यांत सांगायला हवं, तिला लागतं तसं. मी ती तयार केली आहेत. आरशासमोर बसून म्हणून बघितली. मुलांना आरशासमोर बसवणारी मी, स्वतः पहिल्यांदा बसले.

तुझा कान मंगळवारी दुखत होता. तू मला दाखवलंस. मला कळलं. मी तुझा हात खाली धरला. मी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. आईला माहीत नव्हतं. आईची चूक नाही. माझी चूक आहे.

एवढीच वाक्यं. "मला माफ कर" हे त्यात नाही. आधी लिहिलं होतं, मग काढलं. कुणी माफ कर म्हणालं की काय म्हणायचं, हेही तिला लहानपणी मीच पाठ करून दिलं आहे. ती लगेच म्हणेल, "ठीक आहे." आणि हसेल.